दारफाळणीचा दिवस

मी दाराची कडी वाजवली तेव्हा आत आई शमा, आमची रोजची प्रार्थना, म्हणत होती. तिनं ते मध्येच सोडलं नाही. शेवटपर्यंत म्हटलं, नेहमीसारखं, एकेक शब्द आधी मनात तोलून मग ओठांबाहेर सोडावा तसं. मी पायरीवर उभी राहून ऐकत होते. आठ वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता, तरी माझेही ओठ आपोआप हलायला लागले आणि आम्ही दोघींनी, ती दाराच्या आत आणि मी दाराच्या बाहेर, ते बरोबरच संपवलं.

मग तिनं विचारलं, "कोण?"

"मी. सेगुला."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आज दारफाळणी आहे."

हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं. आम्ही कोकणातले इस्राएल, म्हणजे यहुदी, किप्पूरच्या उपासाला दारफाळणीचा सण म्हणत आलो. आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत जेवून, न्हाऊन, पांढरे कपडे घालायचे आणि दार लावून घ्यायचं. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कुणाला शिवणं नाही. वर्षभराचं सगळं देवापुढं मांडायचं आणि तो काय ते ठरवेल म्हणून बसायचं. मी तो दिवस मुद्दाम निवडला होता. मीही आदल्या संध्याकाळी जेवून न्हाले होते. पांढरं पातळ नेसले होते. माझाही घसा सुकलेला होता.

आदल्या दिवशीच मी गावात पोचले होते, कारण सणाला प्रवास करायचा नसतो. उतरले ती चांगुणा कोळणीकडे. तीच सुकी मासळी घेऊन रोह्याच्या बाजाराला यायची आणि माहेरची खबर आणायची. या खेपेला तिनं मिल्कावहिनीचा निरोप आणला होता. बाबांचं उजवं अंग गेलंय. वाचाही गेलीय. खाटेला काठी टेकवून ठेवलीय, डाव्या हातानं वाजवतात. एक टोला म्हणजे हो, दोन टोले म्हणजे नाही. एकदा येऊन जा.

मी यायला कचरत होते ते बाबांच्या शपथेमुळं. मी हरेश्वरशी लग्न केलं, तो भंडारी, रोह्याला दवाखान्यात कंपाउंडर. ज्या दिवशी हे घरात कळलं त्या दिवशी बाबा पडवीत चार माणसांच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "हिचं तोंड मी मरेपर्यंत बघणार नाही." बाबा एरवी थट्टेखोर माणूस. तेलाच्या घाण्यावर गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय बाटली भरून द्यायचे नाहीत. ते कधी शपथ घेत नसत. म्हणूनच घेतली तेव्हा ती लोखंडासारखी बसली.

पण दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी मशिदीत, आमच्या प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणतो, कोल निद्रे म्हणतात. माणसानं आवेशात घेतलेल्या शपथा, बोललेले नवस, त्यातून त्या संध्याकाळी सुटका मागतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पनवेलला एकदा एका म्हाताऱ्या हज्जानला, प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारलंही होतं. तो म्हणाला होता, बाई, मनापासून मागितलं तर सुटते. तेवढ्या आधारावर मी आले होते. बाबांची शपथ काल संध्याकाळी सुटली असेल, आज ते मला बघतील, हात पुढं करतील, मी तो दोन्ही हातांत धरून हातबोशी करीन. आमच्यात मोठ्यांचा हात असा हातांत घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. आठ वर्षांत माझी बोटं ओठांना लागली नव्हती.

मी हे सगळं आईला दारातून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोल निद्रे मशिदीत म्हणतात. तुझा भाऊ कालच तिकडे गेलाय, तो म्हणेल. तुझे बाबा मशिदीत नव्हते. ते इथं खाटेवर होते."

"पण त्यांच्या मनात असेल तर?"

"मनातलं मला काय ठाऊक."

मी विचारलं, बाबा कसे आहेत.

आई थोडी थांबली. "पडून आहेत," ती म्हणाली. "पहाटेपासून शांत आहेत."

आईचं थांबणं मला माहीत होतं. ती नेहमीच थांबायची. तरुणपणी कधीतरी तिनं जिभेचं व्रत घेतलं होतं. खोटं बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पाठीमागं कुणाचं नाव घ्यायचं नाही. सोमवारी आणि गुरुवारी दुपारपर्यंत मौन. बोलण्याआधी एक श्वास घ्यायचा आणि त्या श्वासात विचारायचं, हे खरं आहे का. आजूबाजूच्या गावांतल्या आमच्या बायका तिच्यापाशी हे शिकायला येत. तिच्याजवळ बसलं की त्यांना बरं वाटे आणि जरा भीतीही वाटे. मासे घेताना सुटे पैसे कमरेला असले तर ती कोळणीला नाहीत म्हणायची नाही. आहेत, पण द्यायचे नाहीत, म्हणायची. चांगुणाचा पहिला मुलगा घटसर्पानं घुसमटत होता तेव्हा ती त्याला उचलून आमच्या दारात आली आणि म्हणाली, वाचेल ना गो बाय? आईनं त्याच्या कपाळाला हात लावला, श्वास घेतला आणि म्हणाली, नाही. चांगुणा अजून सांगते, तुझे आयशीनी मला खोटा धीर नाय दिला. रागानं सांगते की कौतुकानं, ते मला कधी कळलं नाही.

मलाही तिनंच हे शिकवलं. चुकून खोटं निघालं तर ती मारत नसे, ओरडत नसे. समोर बसवायची आणि म्हणायची, पुन्हा सांग. खरं निघेपर्यंत पुन्हा सांग. जेवणं व्हायची, भांडी घासून व्हायची, ती समोरून हलायची नाही.

"आई, दार उघड," मी म्हटलं. "मी न्हालेय. उपाशी आहे. पांढरं नेसलेय. तुला शिवणार नाही. नुसतं खाटेपाशी उभी राहीन."

"कुठं झोपलीस काल?"

"चांगुणाकडे."

"मग आज नाही," आई म्हणाली. "चांदण्या दिसल्या की दार उघडेन."

तेवढ्यात आतून हुंदका आला. वहिनीचा. तोंडावर पदर दाबून रडणाऱ्या बाईचा आवाज. आई तिकडे वळून हळूच म्हणाली, "मिल्का, आज रडायचं नाही." मला वाटलं, माझ्यासाठी रडतेय. मला वहिनीची माया आली.

मी म्हटलं, मग बाबांशी बाहेरूनच बोलते. मागच्या खिडकीतून. त्यांची खाट त्या खिडकीखालीच आहे ना?

या वेळी आई फार वेळ थांबली. इतका, की मला वाटलं ती दारापासून गेली. मग आवाज आला. "खाट तिथंच आहे. खिडकी लावलेली राहील. बोलायचं तर बोल, मी तुझं तोंड कुठं धरलंय."

मी घराला वळसा घालून मागं गेले. न्हाणीचं पाणी जिथं निघतं तिथं अळू माजलं होतं. खिडकीच्या फळ्या आतून घट्ट लावलेल्या. फळ्यांना तोंड लावलं की खोलीतला खोबरेल तेलाचा आणि औषधाचा वास येत होता. बाबांचा वास. भिंतीला हात लावून मी म्हटलं, "बाबा."

काही नाही.

"बाबा, मी सेगू. वहिनीनं सांगितलंय मला काठीचं. हो असेल तर एक वाजवा, नाही असेल तर दोन. ऐकताय का?"

काही नाही. मी मोठ्यानं विचारलं. आणखी मोठ्यानं विचारलं. समोरच्या शेतातून पदू म्हात्रे बैल घेऊन चालला होता तो थांबला. आमच्या वर्गातला, पहिल्यापासून जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "काय गो शेगुला, आयशीनी भायेरच ठेवली? देवलाभायेर चपला ठेवतान तशी?" मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण आता हाका अजून मोठ्या निघायला लागल्या होत्या, मला आवरत नव्हत्या. पदूच्या मागून त्याची बायकोही बांधावर येऊन उभी राहिली.

तेव्हा आतून काठी वाजली. फरशीवर दोन टोले.

ऐकताय का? नाही.

मी हसले. तिथंच, अळवात उभी राहून, डोळ्यांत पाणी असताना हसले. कारण हे बाबाच होते. दुपारी ते घाण्याच्या ओट्यावर आडवे पडायचे आणि आम्ही पोरं विचारायचो, बाबा झोपलात का, तर डोळे न उघडता म्हणायचे, हो, गाढ. वाचा गेली, अंग गेलं, पण खोडी तशीच होती. पदूला म्हटलं, जा आता, माझे बाबा बोलतायत माझ्याशी. तो गेला.

मग मी आवाज खाली आणला. फळ्यांना ओठ लावून बोलायला लागले.

विचारलं, अंग दुखतंय का. दोन टोले. बरं वाटलं मला. चांगुणा म्हणाली होती की रात्ररात्र कण्हतात.

विचारलं, उपास धरलाय का. आजारी माणसाला धरायचा नसतो, हट्टानं धरला असेल तर सोडा. दोन टोले. म्हटलं, शहाणे आहात.

मग मी त्यांना माझं सगळं सांगितलं. मोठ्या माणसाचे पाय मांडीवर घेऊन चेपत सांगावं तसं, कारण नसताना, एकातून एक. सांगितलं की दर शुक्रवारी संध्याकाळी मी दिवा लावते. खोबरेलाचा, पाण्यावर तेल सोडून, आपल्याकडे असतो तसाच. हरेश्वर कधी अडवत नाही. त्याची आई सुरुवातीला कुरकुरली, आता शुक्रवार आला की तीच दिव्याची काच घासून ठेवते आणि मला म्हणते, तुझ्या देवाची वेळ झाली बघ. सांगितलं की मटणाबरोबर दही-दूध आमच्या घरात कुणीच घेत नाही, तेही नाहीत घेत, माझ्यासाठी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी शमा म्हणते. बोलायच्या आधी श्वास घेते, आईसारखा. एकटीनं सगळं करते बाबा, विचारायला कुणी नाही. चुकत असेल. नव्याच्या सणाला कोणत्या दिवशी काय, ते दिनदर्शिकेत शोधून काढते. मशिदीतली दहा माणसांची प्रार्थना आठ वर्षांत ऐकली नाही.

"तुम्हाला नात आहे," मी म्हटलं. "तामार नाव ठेवलंय. पाच वर्षांची आहे. तुमच्यासारखी नाकपुडी फुगवते चिडली की. काल बरोबर आणली नाही, आधी तुमची शपथ... पण उद्या आणीन. बघाल ना तिला?"

आत काठी उचलल्याचा नुसता घसटा झाला. मग थांबली. मग दोन टोले.

ऊन डोक्यावर आलं होतं. कापायला आलेल्या भातावरून गरम वारा येत होता. जीभ टाळ्याला चिकटायला लागली होती, पण ती तहानेनं की या टोल्यांनी, कळत नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. म्हटलं, नातीवर कसला राग. ती तर काही बोललेली नाही. मग वाटलं, शपथ. नात म्हणजे माझंच तोंड. शपथ सुटली नसेल तर ते काय करतील बिचारे.

म्हणून मी विचारलं. "बाबा, शपथ आहे का अजून?"

लगेच आलं उत्तर. दोन टोले. नाही.

मी उभी राहिले आणि फळ्यांवर कपाळ टेकलं. देवाचे आभार मानले, मोठ्यानं, मराठीतच. शपथ सुटली होती. काल संध्याकाळी मशिदीत भावानं म्हटलं आणि इथं खाटेवर माझ्या बाबांची सुटली. मी म्हटलं, "मग मला बघाल? आईला सांगा दार उघडायला. बघाल मला?"

दोन टोले.

मला वाटलं, चुकून वाजवलं. पुन्हा विचारलं. पुन्हा दोन.

"राग आहे का माझ्यावर?"

दोन.

"शपथ नाही. राग नाही. मग मला माफ केलंत ना, बाबा?"

आतून वहिनीचा आवाज आला, "आई, पुरे," आणि मग तोंडावर कुणी हात ठेवल्यासारखा तो बंद झाला. काठी वाजायला वेळ लागला. मी टोले मोजत नव्हते, देवाला सांगत होते की एकच असू दे. एक वाजला. मी श्वास धरला.

मग दुसरा.

त्यानंतर मी काही विचारलं नाही. विचारायचं काय उरलं होतं? सबंध दुपार मी त्या भिंतीशी बसून राहिले आणि तेवढंच उलगडत राहिले. शपथ नाही म्हणतात, राग नाही म्हणतात, पण बघायचं नाही, आणि माफीही नाही. असा कसा माणूस असेल? रागावलेला माणूस माफ करत नाही हे समजतं. ज्याचा राग गेला, ज्याची शपथ सुटली, तो का माफ करणार नाही? मला वाटलं, राग जाऊन जे उरतं ते रागाहून वाईट असेल. नुसतं काही नसणं. मी त्यांना आता कुणीच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईवर कुणी रागावत नाही, तिला बघायची इच्छाही होत नाही, आणि तिला माफ करायचं तरी काय?

चांगुणा येऊन गेली. म्हणाली, चल घरा, थोरा चहा पी, कोण बघतंय? मी म्हटलं, बघणारा बघतोय. ती माझ्यापाशी थोडी बसली. तिनं खिडकीकडे पाहिलं, नाक जरासं वर केलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. पण बोलली नाही. माझ्या डोक्यावर पदर नीट करून गेली.

ऊन उतरलं. आत आईची शेवटची प्रार्थना सुरू झाली. त्या दिवसाची ती अखेरची, दरवाजे मिटताना म्हणायची. देवा, दार लागायची वेळ झाली, दिवस कलला, आम्हाला दार उघड. आई ती हळू म्हणत होती, एक शब्द न खाता. मीही भिंतीच्या बाहेरून म्हणायला लागले. त्या दिवसभरात फक्त तेवढं आम्ही मायलेकींनी बरोबर केलं, एकदा सकाळी आणि एकदा आता. मी मागत होते ते एकच, की चांदण्या निघायच्या आत त्या माणसाला माझ्यासाठी एक टोला वाजवावासा वाटू दे.

आईची प्रार्थना संपली. काठी वाजली नाही.

पहिली चांदणी मी बघितली ती ताडाच्या वर. मग दुसरी. तिसरी दिसल्यावर मी पुढल्या अंगाला आले. आत अडसर सरकला आणि दार उघडलं.

आई पांढऱ्या पातळात उभी होती. दिवसभराच्या उपासानं तोंड ओढलेलं, पण पाठ ताठ. आठ वर्षांत ती तेवढीशी म्हातारी झाली नव्हती. तिच्या मागं वहिनी भिंतीला धरून खाली बसली होती आणि आता मोकळ्यानं रडत होती. आईच्या हातात बाबांची काठी होती.

"आता ऐक," आई म्हणाली. "तुझे बाबा वारले."

मी म्हटलं, "कधी? आत्ता?"

"पहाटे. उजाडायच्या आधी."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. म्हटलं, मी सकाळी आले. ऊन आलं होतं तेव्हा आले मी.

"हो. तू यायच्या आधी."

"तू मला सांगितलं नाहीस."

"सणाच्या दिवशी मयताची खबर देत नाहीत. त्या दिवशी रडू आणायचं नसतं, ना स्वतःला, ना दुसऱ्याला. तुलाही शिकवलंय हे." तिनं श्वास घेतला. "मीही नाही रडले. त्यांच्या अंगावर चादर घातली आणि सण पाळला."

मी काठीकडे पाहिलं. चौकटीला धरलं. "मग ती कोणी वाजवली?"

"मी."

वहिनी आतून म्हणाली, मी त्यांना म्हटलं होतं हो, पुरे करा, मी पाया पडले. आईनं तिच्याकडे मान वळवली नाही.

"तू मोठ्यानं हाका मारत होतीस," ती मला म्हणाली. "गाव जमायला लागलं होतं. तुला गप्प करायला मी पहिल्यांदा वाजवली. मग तू विचारतच गेलीस."

"तू मला फसवलंस, आई. त्यांच्या नावानं खोटं सांगितलंस. आजच्या दिवशी."

"नाही," आई म्हणाली. आवाज तसाच, मऊ, खालच्या पट्टीतला. "तोंडानं मी काहीच बोलले नाही, पण ते सोड. हातानंही खोटं बोलले नाही. तू विचारलंस, ऐकताय का. ते ऐकत नव्हते. विचारलंस, दुखतंय का. दुखत नव्हतं. उपास त्यांना नव्हता. नातीला बघणार का, तर नाही, कसे बघणार? शपथ मरेपर्यंतची होती, ती संपली होती, तेही मी तुला खरं सांगितलं. रागही नव्हता. मेलेल्या माणसाला कसला राग?"

"आणि माफीचं?"

या ठिकाणी मला वाटलं, ती थांबेल. ती थांबली नाही. हे तिनं दिवसभरात आधीच तोलून ठेवलं असणार.

"माफ केलंत ना, असं विचारलंस. त्यांनी केलं नव्हतं. मला तसं सांगून गेले असते तर मी एक वाजवला असता. हात वर केला होता मी, थोडी थांबलेही. एक वाजवून तसंच ठेवावं असं मनात आलं. पण ते खरं नव्हतं."

"करणार होते का कधी? जगले असते तर?"

"ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते मी सांगत नाही."

खोलीच्या दारातून खाटेचा पायथा दिसत होता. चादरीखाली दोन पाय. आता बाबांचे हात मला धरता येणार होते, हवा तितका वेळ. कुणी अडवणार नव्हतं.

आई उंबऱ्यातच उभी होती. काठी तिनं दाराला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात पदरात घेतले. लहानपणी मला समोर बसवून बघायची तशी बघत होती.

"मी तुला त्रास दिला असेल," ती म्हणाली. "तो मी माझ्या अंगावर घेते. पण खोटं बोलले म्हणतेस, ते अंगावर घेणार नाही. सगळे प्रश्न आठव. एक तरी खोटं होतं का, सांग."

मी आठवले. पहिल्यापासून एकेक. ऐकताय का, दुखतंय का, उपास, नात, शपथ, बघाल का, राग, माफी. प्रत्येकापाशी थांबले. आई वाट बघत होती. तिला घाई नव्हती. खरं निघेपर्यंत ती कधीच हलायची नाही.

"नव्हतं," मी म्हटलं. तिच्याच हाताखाली वाढले होते, मला खोटं बोलता आलं नाही.

"मग आत ये," आई म्हणाली आणि उंबऱ्यातून बाजूला झाली. "सात दिवस सुतकात बसावं लागेल तुला, मुलगी आहेस. पाय धुऊन ये."

मी पाय धुतले.